ग्रुपवर चेंबरचे ४१ फोटो, तक्रार मात्र एकही नाही: काय करावे?

मानेवाडा_रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. नागपुरातील मानेवाड्याच्या एका लेआउटमध्ये आम्ही अकरा वर्षांपासून राहत आहोत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गडर लाईनचे, म्हणजे सांडपाण्याच्या भूमिगत वाहिनीचे, जे चेंबर आहे, ते जूनच्या अखेरीपासून वाहते आहे. पाऊस असो वा नसो, सकाळी सात ते दहाच्या सुमारास, म्हणजे घरोघरी आंघोळी आणि धुणी-भांडी चालू असताना, झाकणाच्या कडेने काळपट पाणी वर येते आणि उतारावरून थेट किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत जाते. शाळेच्या ऑटोची वाट पाहणारी मुले तिथे मांडलेल्या विटांवर एका रांगेत उभी असतात. धाकट्यांनी त्याचाही खेळ करून टाकला आहे, हे पाहून अधिकच वाईट वाटते.

लेआउटचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात १८६ जण आहेत. मी परवा बसून मोजले, तेव्हा या एकाच चेंबरचे ४१ फोटो आणि चार व्हिडिओ सापडले. प्रत्येकाखाली हात जोडल्याची चिन्हे, ‘हे कधी सुधारणार’ असा उद्गार आणि मग कोणाचा तरी राजकीय टोमणा, की लगेच दोन तट पडतात आणि चेंबर बाजूला राहते. प्रत्यक्ष तक्रार कोणी केली आहे, असे मी विचारले, तर दोन दिवस ग्रुपवर सामसूम होती, कारण ती दुसऱ्या कोणीतरी केलीच असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. शेवटी मीच मोबाईलवरून मनपाच्या ॲपवर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला, तेव्हा मी त्याच चेंबरपाशी पायजमा वर धरून उभा होतो.

तक्रार न सोडवताच बंद होऊ नये म्हणून ती कशी लिहावी, आणि १८६ माणसांच्या ग्रुपचा या कामी काही उपयोग करून घेता येतो का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्या गल्लीतील निम्म्या घरांत केवळ वयस्कर मंडळी राहतात आणि त्यांची मुले पुण्याला किंवा परदेशात आहेत. या लोकांना ॲप वापरता येत नाही, पण चेंबरचा त्रास सर्वांत जास्त त्यांनाच होतो. त्यांना या सगळ्यात कसे सामावून घ्यावे, हाही माझ्या प्रश्नाचाच भाग आहे.

निवृत्त_ओव्हरसियर

मी विदर्भातील एका नगरपालिकेत मलनिस्सारणाच्या कामावर ३२ वर्षे होतो. नागपूर मनपाशी माझा संबंध केवळ कर भरण्यापुरता आहे. तेव्हा जे सांगतो ते या खात्यांच्या सर्वसाधारण पद्धतीवरून सांगतो आहे, हे लक्षात घ्यावे.

आपली तक्रार खोटेपणाने बंद केली, असे आपण धरून चालला आहात. तसे असूही शकते, पण दुसरी शक्यता मला अधिक वाटते. आपण स्वतःच लिहिले आहे की चेंबर सकाळी सात ते दहा या वेळेत वाहते. तक्रार झोन कार्यालयात येते, तिथून कनिष्ठ अभियंत्याकडे आणि त्याच्याकडून सफाईच्या गँगकडे जाते, आणि ती गँग आधीची दोन कामे उरकून आपल्या गल्लीत दुपारी दोनला पोहोचते. त्या वेळी चेंबर शांत असते. गँग बांबूच्या पट्ट्या आत घालून हलवते, पाणी थोडे खाली उतरते, कोरड्या झाकणाचा फोटो निघतो आणि कागदावर काम पूर्ण होते. आपल्या तक्रारीत वेळ लिहिली होती का? ती पहिल्या ओळीत लिहावी: ‘रोज सकाळी ७ ते १० या वेळेत वाहते, कृपया याच वेळेत पाहणी करावी.’ या एका ओळीने जेवढी कामे मार्गी लागलेली मी पाहिली आहेत, तेवढी संतापाच्या पानभर मजकुराने लागलेली पाहिली नाहीत.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. ‘हनुमान मंदिराजवळ’ एवढेच लिहिले, तर हनुमाननगर झोनमध्ये ते मंदिर कोणते, हे शोधण्यातच गँगचा दिवस जाईल. गूगल मॅपवर त्या जागी बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश मिळतात. ते तक्रारीत उतरवावेत. फोटो दोन घ्यावेत. एक जवळून, ज्यात पाणी वर येताना दिसेल. दुसरा दहा-पंधरा पावले मागे जाऊन, ज्यात शेजारचे फाटक, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक दिसेल. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोत दडलेली ठिकाणाची माहिती पुसली जाते, त्यामुळे ग्रुपवरचे ४१ फोटो उतरवून घेऊन फारसे हाती लागणार नाही. तक्रारीचा फोटो स्वतःच्या फोनने, जागेवरच काढावा.

आता मुख्य मुद्दा. चेंबर जिथून वाहते, अडथळा तिथे नसतो; तो त्याच्या पुढे, पाणी ज्या दिशेने जाते त्या बाजूला असतो. शेवटचे भरलेले चेंबर आणि पहिले कोरडे चेंबर या दोहोंच्या मधल्या तुकड्यात तो सापडतो. म्हणून गँग आली की एकाच झाकणावर समाधान न मानता पुढची दोन-तीन झाकणे उघडून दाखवायला सांगावे आणि कोणते भरलेले, कोणते कोरडे, हे टिपून ठेवावे. स्वतः मात्र झाकण उघडू नये. आत साचलेल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गडरमध्ये उतरवण्यास बंदी आहे, तेव्हा ‘एखादा माणूस आत उतरवून बघा ना’ असे गँगला चुकूनही कोणी म्हणू नये. जोराच्या पाण्याने लाईन मोकळी करणाऱ्या जेटिंग किंवा गाळ ओढून घेणाऱ्या सक्शन मशीनची मागणी करावी.

मशीन लावूनही महिन्याभरात पुन्हा तुंबले, तर लाईन खचली आहे किंवा झाडाची मुळे आत शिरली आहेत, असे समजावे. मग काम दुरुस्तीचे राहत नाही, लाईन बदलण्याचे होते. त्याला प्राक्कलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, लागतो, मंजुरी लागते, तरतूद लागते, आणि तिथे ॲपवरची तक्रार तोकडी पडते. झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज, त्याखाली रहिवाशांच्या सह्या, आतापर्यंतच्या सर्व तक्रारींचे क्रमांक आणि आवक शिक्क्यासह एक प्रत स्वतःकडे, असा तो मार्ग आहे. शहरातील दहा झोनपैकी आपला कोणता, हे मालमत्ता कराच्या देयकावर लिहिलेले असते. ग्रुपमधल्या १८६ जणांचा उपयोग इथे होतो. फोटोखाली हात जोडण्यापेक्षा अर्जाखाली सही करण्याला एक मिनिट अधिक लागते, एवढेच.

सीताबर्डी_दुकानदार

ओव्हरसियर साहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण ॲपवर इतका विश्वास कशाला? माझ्या मते ते जुन्या तक्रारपेटीचेच नवे रूप आहे. पूर्वी पेटीची किल्ली हरवलेली असायची, आता पासवर्ड हरवतो. मी स्वतः झोन कार्यालयात जातो, संबंधित माणसाच्या टेबलासमोर उभा राहतो आणि काम कधी होणार ती तारीख विचारतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासक होते आणि नगरसेवक नावाचा दरवाजाच बंद होता. त्या काळात लोकांनी ॲपवर भरभरून लिहिले. आमच्या भागात त्याने काय बदलले, ते मला तरी दिसले नाही.

मानेवाडा_रहिवासी

भाऊ, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु माझी नोकरी बुटीबोरीला आहे आणि झोन कार्यालयाची वेळ तीच माझ्या कामाची वेळ आहे. एका हेलपाट्यासाठी मला अर्धा दिवस रजा टाकावी लागते. मोबाईलवरून जे होऊ शकते ते आधी करावे आणि उरलेल्यासाठी रजा टाकावी, असे मला वाटते.

मिहान_संगणकवाला

माझे काम संगणकप्रणालींचे असल्यामुळे या साधनांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. ब्रिटनमध्ये २००७ साली ‘फिक्स माय स्ट्रीट’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. नागरिकाने नकाशावर जागा दाखवायची आणि अडचण लिहायची. ती जागा कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येते, हे प्रणाली स्वतः ठरवते आणि तक्रार तिथे पाठवते. शिवाय ती तक्रार नकाशावर सर्वांना दिसते, त्यामुळे त्याच खड्ड्यापाशी थांबलेल्या दुसऱ्या माणसाला ती आधीच नोंदवली गेल्याचे कळते. आपल्या ग्रुपवर ‘दुसऱ्याने केली असेल’ असे जे सर्वांना वाटले, त्यावर हा नेमका उतारा आहे.

नागपुरात हद्दीचा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. रस्ता मनपाचा असू शकतो, नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचाही असू शकतो. १९०० आणि ५७२ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या, मुळात मंजुरीविना पडलेल्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांना तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य पाठ झालेले असेल. पथदिवा बंद असेल तर तो मनपाच्या विद्युत विभागाचा विषय असतो, पण त्याच खांबावरची तार लोंबत असेल किंवा ठिणग्या उडत असतील तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करावा लागतो. तक्रार चुकीच्या दारात पडली की ती बंद होते आणि बंद करणारा नियमाने बरोबर असतो.

आपल्याकडे सर्वांना दिसणारा नकाशा नसला, तरी तो ग्रुपपुरता घरच्या घरी करता येतो. आम्ही गूगल शीटवर एक साधा तक्ता ठेवला आहे आणि त्याचा दुवा ग्रुपच्या माहितीत चिकटवला आहे. जागा, अडचण, कोणाकडे नोंदवली, तक्रार क्रमांक, तारीख, नोंदवणाऱ्याचे घर आणि सध्याची स्थिती, एवढेच रकाने. ‘कोणी केली का’ हा प्रश्न आमच्याकडे आता येत नाही. केरकचऱ्यासाठी केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचे स्वच्छता ॲप आहे. झोनकडून दाद लागली नाही, तर राज्य शासनाचे ‘आपले सरकार’ हे तक्रार निवारण पोर्टल आहे, जे २०१५ पासून चालू आहे. तिथे लिहिताना आधीचा क्रमांक आणि तो ‘निकाली’ निघाल्याची तारीख द्यावी, म्हणजे तीच तक्रार पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

आणि बंद झालेल्या तक्रारीबद्दल माहितीचा अधिकार वापरावा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात ‘का’ विचारू नये. ‘अमुक क्रमांकाची तक्रार बंद करताना जोडलेला फोटो, शेरा आणि पाहणी अहवालाची प्रत मिळावी’, एवढेच लिहावे.

दुकानदार भाऊंना एक सांगावेसे वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या निकालात खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली आहे, आणि खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घेण्यास सांगितले आहे. निदर्शनास केव्हा आणून दिले, हे सिद्ध करायला तारीख-वेळ असलेली नोंद लागते. टेबलासमोर उभे राहून बोललेल्या शब्दाला ती नसते.

सीताबर्डी_दुकानदार

हा मुद्दा बिनतोड आहे. यापुढे आधी नोंद करीन आणि मग टेबलासमोर उभा राहीन.

त्रिमूर्तीनगर_गृहिणी

मानेवाड्याच्या दादांनी वयस्कर मंडळींचा प्रश्न विचारला आहे आणि अजून त्याला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या ग्रुपचीही अशीच गत होती. सकाळी सुप्रभात, दुपारी साडी विक्री, रात्री राजकारण. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याचे दोन भाग केले. एका ग्रुपवर फक्त आम्ही चौघी ॲडमिन लिहितो, आणि तिथे पाणी केव्हा येणार नाही, तक्रार क्रमांक काय, गँग किती वाजता येणार, एवढेच येते. दुसऱ्यावर ज्याने त्याने हवे ते लिहावे. पहिल्या ग्रुपवर आठवड्याला जेमतेम तीन-चार संदेश पडतात आणि म्हणूनच ते वाचले जातात.

जे फोन वापरत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही गल्ली वाटून घेतली आहे. प्रत्येकीकडे सहा-सात घरे. मी संध्याकाळी फिरायला निघते तेव्हा आमच्या गल्लीतील आजी-आजोबांच्या फाटकाशी दोन मिनिटे थांबते, आणि मला जी माहिती मिळते ती कोणत्याही ॲपवर मिळणार नाही. चेंबर पहाटे साडेपाचला वाहू लागते, हे मला एका आजींनीच सांगितले, कारण त्या वेळी त्या जाईची फुले तोडत असतात. तक्रार मी माझ्या फोनवरून केली, पण ‘तक्रारदाराचे निरीक्षण’ म्हणून त्यांची वेळ लिहिली. गँग आली तेव्हा त्यांना बोलावून घेतले. त्या दिवसापासून गल्लीतल्या गडरच्या अधिकृत निरीक्षक त्याच आहेत.

एक चूकही सांगते, कारण ती आमच्या हातून घडली आणि निस्तरायला वर्ष गेले. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी रोज कचरा टाकत असे. एका सभासदाने पहाटे लपून व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. व्हिडिओत एक बाई पिशवी घेऊन प्लॉटकडे जाताना दिसत होती. तासाभरात तिला उद्देशून नको नको ते लिहिले गेले. ती बाई एका घरी स्वयंपाकाला येत असे आणि पिशवीत शिळ्या पोळ्या होत्या, ज्या ती प्लॉटवरच्या गायीला घालत असे. तिने आमच्या भागातली कामे सोडली. तेव्हापासून आमचा एकच कडक नियम आहे की फोटो जागेचा काढायचा, माणसाचा नाही, आणि गाडीचा क्रमांक किंवा घराची पाटी दिसत असेल तर ती ग्रुपवर न टाकता फक्त तक्रारीला जोडायची.

मोकळ्या प्लॉटचा विषय निघालाच आहे, तर डासांबद्दलही लिहिते. पावसाळ्यात आम्ही प्लॉटवर साचलेल्या पाण्याची तक्रार केली. फवारणीला आलेल्या कर्मचाऱ्याने प्लॉट पाहिला आणि मग विचारले, ‘ताई, आता तुमचे कूलर दाखवा.’ उन्हाळा संपून महिना झाला होता आणि ११ घरांपैकी सात घरांच्या कूलरमध्ये पाणी तसेच होते. त्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, असे त्याने सांगितले. आता मृग लागला की पहिल्या ग्रुपवर कूलर रिकामे करण्याचा संदेश जातो.

बेसा_नवा_रहिवासी

आम्ही मागच्याच वर्षी बेसा भागात फ्लॅट घेतला. पत्त्यात ‘नागपूर’ लिहितो म्हणून मी मनपाच्या ॲपवर कचऱ्याची तक्रार केली, तर हद्दीबाहेर म्हणून ती परत आली. आमचे दार कोणते?

निवृत्त_ओव्हरसियर

पत्त्यातले नागपूर आणि हद्दीतले नागपूर वेगळे. आपल्याकडे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. घराच्या कराची पावती कोणाच्या नावाची आहे, ते पाहावे. कर जिथे जातो, केरकचरा आणि नालीची तक्रारही साधारणपणे तिथेच जाते. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार करताना यादीतून महानगरपालिका न निवडता नगरपंचायत निवडावी. रस्ता कोणाचा, ते मात्र स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागेल.

कॉर्पोरेशन_कॉलनी_वासी

वरील सर्व चर्चा अडचण हळूहळू वाढत असेल तेव्हाची आहे. एका रात्रीत वाढणाऱ्या अडचणीचा आमचा अनुभव मांडतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, आमची कॉलनी अशा भागांत शिरले. पुढे बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. मला जाग आली तेव्हा पलंगाखालची चप्पल तरंगत होती. वीज नव्हती आणि फोनमध्ये ३० टक्के चार्ज होता.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दोन तासांत तीनशेच्या वर संदेश पडले. त्यांत कामाचे किती, हे नंतर आम्ही मोजले, तर वीसही भरले नाहीत. बाकी व्हिडिओ, इतर ग्रुपवरून आलेले निरोप, आणि ‘तलाव फुटला’ हा संदेश, जो चार वेगवेगळ्या लोकांनी टाकला होता. तलाव फुटला नव्हता, पाणी सांडव्यावरून वाहत होते. पण त्या संदेशामुळे एक कुटुंब पहिल्या मजल्यावर जायचे सोडून अंधारात गाडी काढायला धावले आणि गाडी फाटकातच बंद पडली. या गोंधळात तळमजल्यावरच्या एका एकट्या आजोबांनी टाकलेला ‘दार उघडत नाही’ हा संदेश वर सरकून गेला. ते सुखरूप निघाले, पण ग्रुपमुळे नव्हे. वरच्या मजल्यावरच्या मुलाला त्यांचा आवाज ऐकू आला म्हणून.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. तळमजल्यावर एकटे राहणारे कोण, कोणाला चालता येत नाही, कोणाच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, याची यादी केली. ती ग्रुपवर टाकली नाही, कारण अशी माहिती चोराच्याही उपयोगाची असते. यादीच्या तीन छापील प्रती तीन घरांत आहेत. आणि आणीबाणीत आधी ११२ ला फोन, मग ग्रुपवर एकच ओळ, ज्यात घर क्रमांक आणि गरज असेल, असे ठरले. व्हिडिओ टाकणाऱ्याला ॲडमिन त्या वेळेपुरते ग्रुपबाहेर काढतो. दोनदा काढले आहे, दोघांनाही राग आला होता.

मानेवाडा_रहिवासी

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

तक्रार नव्याने लिहिली. वेळ, अक्षांश-रेखांश, दोन फोटो, आधीच्या तक्रारीचा क्रमांक. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला गँग आली, चेंबर वाहत असतानाच आली, आणि अभियंता स्वतः सोबत होते. ओव्हरसियर काकांनी सांगितल्याप्रमाणे पुढची झाकणे उघडायला सांगितली. आमचे भरलेले, पुढचे भरलेले, त्याच्या पुढचेही भरलेले आणि चौथे कोरडे. दोन दिवसांनी जेटिंग मशीन आले आणि तिसऱ्या-चौथ्या चेंबरच्या मधून जे बाहेर पडले त्यात घमेलीभर वाळू, सिमेंटचे थर आणि फाटलेले एक पोते होते. तिसऱ्या चेंबरला लागून एका घराचे बांधकाम चालू आहे. त्या घराचे मालक आमच्याच ग्रुपमध्ये आहेत आणि ४१ पैकी सहा फोटो त्यांनी टाकलेले आहेत. आम्ही ग्रुपवर काही लिहिले नाही. मी आणि शेजारचे काका त्यांच्याकडे चहाला गेलो, पोते दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळूच्या ढिगाभोवती विटांचा बांध घालून घेतला व चेंबरच्या झाकणावर जाड पत्रा टाकला.

पाणी तेव्हापासून आलेले नाही. तरीही अभियंत्यांच्या मते दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरमधला तुकडा खचलेला आहे, म्हणून लाईन बदलण्याचा अर्ज तयार केला आहे. ९४ सह्या झाल्या आहेत. त्यांतल्या ३१ सह्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा लोकांच्या आहेत. त्या आमच्या सौभाग्यवतींनी आणि त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणींनी घरोघरी जाऊन आणल्या.

आता एक नवा प्रश्न. गल्लीच्या मागच्या टोकाचा पथदिवा बंद आहे आणि खांबावरचा क्रमांक रंगात पुसला गेला आहे. तक्रारीत आजूबाजूच्या दोन खांबांचे क्रमांक लिहिले तर चालतील का?

निवृत्त_ओव्हरसियर

चालतील. ‘अमुक आणि तमुक क्रमांकांच्या खांबांमधील खांब’ असे लिहावे आणि फोटो रात्री काढावा, ज्यात बाजूचे दोन्ही दिवे पेटलेले दिसतील. तिन्ही बंद असतील, तर दिव्यात बिघाड नाही, लाईनमध्ये आहे. तसेच तक्रारीत लिहावे, नाहीतर नुसता बल्ब बदलणारा माणूस येईल. वाळू पुन्हा टाकली जाते का, यावर मात्र त्या घराचा स्लॅब टाकून होईपर्यंत लक्ष ठेवावे.